चाळीस हजारांची चिठ्ठी

कतारमध्ये मी बंदुकांचं काम करतो असं गावी कुणाला सांगितलं, की समोरचा माणूस जरा सावरून बसायचा. एकदा खेडच्या बाजारात एकाने तर आवाज खाली आणून विचारलं, "पण तिथं आता शांतता आहे ना?" तेव्हापासून मी 'वर्कशॉपमध्ये आहे' एवढंच सांगू लागलो. आता निवृत्त होऊन घरी बसलोय, तेव्हा खरं सांगायला हरकत नाही. मी शिकारीच्या बंदुका दुरुस्त करायचो. तेवीस वर्षं तेच केलं.

दोह्यातल्या आमच्या दुकानात पुढच्या बाजूला तंबू, दुर्बिणी, ससाण्यांच्या डोक्यावर घालायच्या चामडी टोप्या असला माल असे. मागे लोखंडी दार, आणि दाराआड माझं टेबल. हे काम मी मामूंकडे शिकलो. आमच्याकडे कोकणात रानडुकरांपासून शेत राखायला परवान्याच्या बंदुका असतात. त्या बिघडल्या की आजूबाजूच्या गावांतून मामूंकडे यायच्या. ठासणीच्या, एकनळी, क्वचित एखादी दुनळी. मामू नळी उजेडाकडे धरून आत बघायचे आणि म्हणायचे, "हिचा मालक आळशी हाय." नळी बघून माणूस ओळखायची ती खोड मलाही लागली, आणि दोह्यात ती फार उपयोगी पडली.

गिऱ्हाईक बहुतेक कतारी. मला सगळे 'मोअल्लिम' म्हणायचे, म्हणजे उस्ताद. अरबीत आदराचं 'तुम्ही' नाही, त्यामुळे वीस वर्षांचा पोरगाही मला 'तू'च म्हणायचा. पहिली दोन वर्षं ते खटकलं. मग सवय झाली.

दुरुस्तीच्या जोडीला एक काम माझ्याकडे आपसूक आलं. तिकडे शौकीन लोक एकमेकांत बंदुका बदलतात. याची दुनळी त्याला, त्याची नवी बंदूक याला. परवाना खात्यात दोघांनी अर्ज करायचा, तिथून होकार आला की मगच बंदूक या घरातून त्या घरात जायची. कायदा कडक, आणि कुणी तो मोडायच्या भानगडीत पडत नाही. पण कुणाची बंदूक भारी आणि वर किती द्यायचे, हे खातं सांगत नाही. ते मला विचारायचे. मी परका, कुणाचा चुलत ना मावस. शिवाय मी ती बंदूक आतून पाहिलेली. त्यामुळे मी बोललो की विषय संपायचा. आता लोक व्हॉट्सॲपवर फोटो टाकून भाव विचारतात. मी फोटोवरून कधी भाव सांगितला नाही. फोटोत नळीच्या आतला गंज दिसत नाही.

आता या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. घरातल्या बायका सोनाराकडे जुन्या पाटल्या घेऊन जातात. त्या मोडून नव्या करायच्या असतील तर सोनार एक भाव लावतो. 'नवं काही नको, पैसे द्या' म्हटलं की त्याचा चेहरा बदलतो आणि भावही. बंदुकीचं तसंच, पण त्याहून जास्त. अदलाबदलीत कुणाच्या खिशातून मोठी रक्कम निघत नाही. मी माझी चाळीस हजारांची म्हणतो, तू तुझी पस्तीसची म्हण, वरचे पाच दे, झालं. त्याच दोन बंदुका पंचवीस आणि वीसच्या म्हटल्या तरी वरचे पाचच. त्यामुळे आकडे फुगवायला कुणाचं काही जात नाही. रोखीचं वेगळं. परवाना असलेला, नेमकी तीच बंदूक हवी असलेला आणि आज टेबलावर पैसे मोजणारा माणूस शोधायचा, तर भाव जवळजवळ अर्ध्यावर येतो.

आणि खरं सांगायचं तर आकडे फुगवायला मलाही आवडायचं. मोठा आकडा ऐकून दोन्ही माणसं खूश व्हायची. आपल्या बंदुकीला मोअल्लिमने चाळीस म्हटलं, हे ते चारचौघांत सांगायचे. त्यात माझंही नाव मोठं व्हायचं.

गमतीजमतीही पुष्कळ झाल्या. एकाने आपली बंदूक देऊन ससाणा घेतला. कागदपत्रं झाली, आणि तिसऱ्या दिवशी ससाणा जो उडाला तो परत आलाच नाही. माणूस बंदूक परत मागायला दुकानात हजर. समोरचा म्हणाला, "माझी बंदूक उडून गेली असती तर तू ससाणा परत दिला असतास?" दोघंही माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, मी बंदुकांचा भाव सांगतो, पाखरांचा नाही. दोघंही हसले आणि प्रकरण मिटलं. पण सगळी प्रकरणं अशी मिटत नाहीत.

अबू राशिद, म्हणजे राशिदचे बाप, म्हणून ओळखले जाणारे अल खोरचे एक वयस्क गृहस्थ होते. जन्मभर त्यांनी बंदुका बदलल्या, विकली एकही नाही. दुकानात आले की आधी माझ्या घरच्यांची खुशाली विचारणार, मग बंदुकीचा विषय. त्यांच्याकडे एक जुनी युरोपी दुनळी होती. आक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, बाजूच्या पट्टीवर हाताने कोरलेले तितर. तिची आतली एक स्प्रिंग मी स्वतः घडवून बसवली होती, त्यामुळे ती मला थोडी माझीच वाटायची. एक दिवस ते म्हणाले, वक्रा गावातला एक जण या बंदुकीच्या बदल्यात दोन नव्या द्यायला तयार आहे, पण त्याला तुझा आकडा लिहून हवाय.

मी कधी लिहून देत नसे. तोंडी सांगायचो. पण अबू राशिदना नाही म्हणवेना. दुकानाच्या कार्डामागे मी बंदुकीचा नंबर लिहिला, त्याखाली 'किंमत चाळीस हजार रियाल' असं लिहिलं, आणि सही केली. 'अदलाबदलीत' हा एक शब्द लिहायचा राहिला. राहिला म्हणजे सुचलाच नाही. आम्हा दोघांना ते माहीतच होतं.

तो व्यवहार झाला नाही. अबू राशिद आजारी पडले आणि दोनेक महिन्यांत गेले. मी मयताला जाऊन आलो. कार्ड त्यांनी बंदुकीच्या पेटीत ठेवलंय हे मला माहीत नव्हतं.

काही महिन्यांनी त्यांचा धाकटा मुलगा सालेम सकाळीच दुकानात आला. पंचविशीतला, बारीक अंगाचा, आवाज हळू. वेस्ट बेमधल्या एका ऑफिसात नोकरी करायचा. शिकारीचा त्याला नाद नव्हता. पेटी टेबलावर ठेवून म्हणाला, "मोअल्लिम, ही विकायचीय. माझं लग्न ठरलंय. घर लावायचंय."

"विकायची, की बदलायची?"

"विकायची. पैसे हवेत."

मी बंदूक उघडली, नळ्या पाहिल्या. व्यवस्थित होती. म्हटलं, "दुकान तेवीस हजार देईल. बाहेर शोधशोध केलीस तर कदाचित एखादा हजार जास्त."

त्याला वाटलं मी मस्करी करतोय. त्याने पेटीच्या मखमली कप्प्यातून कार्ड काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. "हे तुझं अक्षर ना?"

"माझंच."

"मग?"

मी त्याला सोन्याच्या पाटल्यांपासून सगळं समजावून सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "पण मला ही चाळीसला दिली."

तेव्हा सगळा उलगडा झाला. आई-बहिणींचा हिस्सा आधी बाजूला काढून, उरलेलं तिघा भावांनी वाटून घेतलं होतं. थोरल्या राशिदने बोट घेतली, मधल्याने मोठी जीप, आणि बंदूक सालेमच्या वाट्याला आली. ज्याच्या वस्तूची किंमत कमी, त्याला बँकेतल्या पैशांतून भर. बंदुकीची किंमत राशिदने या कार्डावरून धरली होती. म्हणजे माझ्या एका न लिहिलेल्या शब्दापायी सालेमच्या वाट्याला भावांपेक्षा सतरा हजारांनी कमी आलं होतं.

"राशिदला फरक माहीत नव्हता?" मी विचारलं. राशिद आमचं जुनं गिऱ्हाईक. वर्षाला दोन-तीन बंदुका बदलायचा आणि मित्रांनाही आमच्याकडेच आणायचा.

सालेमने खांदे उडवले. "तो मोठा आहे. मी त्याला काय विचारणार?" पेटी बंद करून तो निघून गेला. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

आमचे मालक अबू हमद भले गृहस्थ. मी त्यांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, मी अल खोरला जाऊन बोलतो.

ते म्हणाले, "तुला बापाने अदलाबदलीचा भाव विचारला, तू सांगितलास. खलास. भावाभावांच्या मध्ये जाऊ नकोस. राशिद गेला तर त्याच्यामागे दहा गिऱ्हाइकं जातील."

"पण सही माझी आहे."

"आणि दुकान माझं आहे," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण अर्थ मला कळला. माझं वय तेव्हा पंचावन्नच्या पुढे. या वयात दोह्यात दुसरं दुकान मिळणं सोपं नव्हतं.

दोह्याच्या नजमा भागातल्या माझ्या खोलीवरून मी बायकोला फोन लावला. गावी ती एकटीने घर चालवायची, आणि माझ्या दुकानातल्या माणसांची नावं तिला माझ्याइतकीच पाठ होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चिठी तुमची, तर तोंडपन तुमचंच पायजे."

"नोकरी गेली तर?"

"गेली तर या घरी. पडवी गळतेय, ती तरी नीट कराल." एवढं बोलून तिने मुलीचा विषय काढला.

शुक्रवारी नमाजनंतर मी अल खोरच्या बसमध्ये बसलो. तासाभराचा रस्ता. वाटभर मनात अरबी वाक्यं जुळवत होतो. माझी अरबी दुकानापुरती. स्प्रिंग, नळी, चाप यांवर मी तासभर बोलेन, पण एखाद्याच्या घरात जाऊन 'तुमची वाटणी चुकली' हे कसं सांगायचं, ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

शुक्रवारी त्यांच्या मजलिसमध्ये, म्हणजे पुरुषांच्या बैठकीच्या खोलीत, सगळे जमतात हे मला माहीत होतं. तिघे भाऊ होते, आणि अबू राशिदचे धाकटे भाऊ, म्हणजे या मुलांचे काका. राशिदने उठून माझा हात हातात घेतला, शेजारी बसवलं, खजूर पुढे केले, गहवा म्हणजे अरबी कॉफी ओतली. मी जितका वेळ गप्प बसेन तितकं बोलणं अवघड होईल असं वाटलं, म्हणून पहिला कप खाली ठेवताच सुरुवात केली. म्हटलं, बाबांना मी जे कार्ड लिहून दिलं त्यात माझी चूक झाली. तो भाव अदलाबदलीचा होता. रोखीत ती बंदूक तेवीसची आहे. मी ते लिहायला हवं होतं.

सालेम मान खाली घालून गालिच्याकडे बघत होता. राशिद माझ्याकडे.

"मला फरक माहीत आहे, मोअल्लिम," तो म्हणाला. "तीस बंदुका बदलल्यात मी. पण वाटणी म्हणजे तरी काय? अदलाबदलच ना? त्याने बंदूक घेतली, मी बोट घेतली, याने जीप. कुणी कुणाला विकलं का?"

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. तिन्ही वस्तू फुगवलेल्या भावाने धरल्या असतील तर कुणावरच अन्याय नाही. क्षणभर वाटलं, मालकाचं ऐकायला हवं होतं. पण इतक्या वर्षांची एक सवय कामी आली. कुणी आपल्या बंदुकीचा आकडा सांगितला की मी समोरच्या बंदुकीचा आकडा विचारायचो.

"बोटीचा भाव कुणी काढला?" मी विचारलं.

मधला भाऊ एवढा वेळ फोनमध्ये होता. त्याने मान वर केली आणि सहज सांगून टाकलं, "दलालाने. उद्या विकली तर हातात किती येतील, असं विचारलं होतं."

"आणि जीपचा?"

"तसाच. शोरूमवाल्याला विचारून."

बोलता बोलताच त्याच्या लक्षात आलं आणि तो थांबला. काकांनी हातातला कप खाली ठेवला. बोट आणि जीप रोखीच्या भावाने धरली, बंदूक तेवढी अदलाबदलीच्या, हे खोलीत सगळ्यांना कळलं होतं. मला पुढे काही बोलावं लागलं नाही.

राशिदचा चेहरा लाल झाला. त्याने मुद्दाम केलं होतं का, हे मला आजही सांगता येणार नाही. मला वाटतं, बापाच्या पेटीतला कागद त्याला बापाचा शब्द वाटला असावा. तो म्हणाला, "माझ्या बापाची बंदूक तेवीसची? त्यांना तूच चाळीस सांगितलेस."

"सांगितले. तेही खरंच होतं. बदलताना ती आजही चाळीसची आहे."

"मग दोन्ही खरं?"

"दोन्ही."

"असं नसतं," तो म्हणाला, आणि उठून बाहेर गेला. अंगणात त्याच्या गाडीचं दार जोरात लागल्याचा आवाज आला.

काकांनी मला कागद दिला. "रोखीचा भाव लिही. आणि रोखीचा आहे असंही लिही." मी लिहून दिलं. सालेम मला गाडीने बस स्टॉपपर्यंत सोडायला आला. मी उतरताना तो एवढंच म्हणाला, "शुक्रन, मोअल्लिम."

पुढे काकांनी वाटणी पुन्हा बसवली. सालेमला बँकेतल्या रकमेतून भर मिळाली आणि बंदूक विकायची गरजच उरली नाही. लग्न झालं. मला बोलावणं होतं, पण मी गेलो नाही. राशिदसमोर उभं राहायची हिंमत नव्हती. दरवर्षी थंडी सुरू झाली की सालेम ती दुनळी तेलपाणी करायला घेऊन यायचा. एकदाही उडवलेली नसायची. नळी आरशासारखी.

राशिद मात्र दुकानात यायचा बंद झाला. मालक म्हणाले होते तसंच झालं, त्याचे मित्रही गेले. अबू हमदनी मला काढलं नाही. पण दोन-तीन महिने ते माझ्याशी कामापुरतंच बोलले, आणि त्या ईदला माझं पाकीट बाकीच्यांपेक्षा पातळ होतं. मी तक्रार केली नाही. नुकसान त्यांचं झालं होतं.

त्यानंतर मी तोंडी भाव सांगणं बंद केलं. विचारणाऱ्याला कागदावर दोन ओळी लिहून द्यायचो, एक अदलाबदलीची, एक रोखीची. पुष्कळांना ती दुसरी ओळ आवडायची नाही. एक जण तर म्हणाला, "खालचं फाडून दे." मी फाडून दिलं नाही आणि तो दुसऱ्या दुकानात गेला. भाव विचारणारी माणसं कमी झाली. पूर्वी गुरुवारी माझ्या टेबलाभोवती घोळका असायचा, मोठमोठे आकडे, हशा. तो गेला. खोटं कशाला बोलू, मला त्याची आठवण यायची.

माझं परत यायचं ठरलं त्याच्या काही आठवडे आधीची गोष्ट. दुपारची वेळ. लोखंडी दार उघडलं आणि आत राशिद आला. दाढी बरीच पिकली होती. मी उठून उभा राहिलो. त्याने सलाम केला, माझ्या घरच्यांची खुशाली विचारली, त्याच्या वडिलांसारखीच एकेकाची नावं घेऊन. मग खिशातून एक यादी काढली. त्याच्याकडच्या बंदुकांची. एकूण नऊ.

"बाहेर गाडीत आहेत. परवाने बरोबर आणलेत," तो म्हणाला. "सगळ्या बघ."

"बदलायच्यात?"

"नाही."

"विकायच्यात?"

"तेही नाही." तो स्टुलावर बसला. "माझ्यामागे चार मुलं आहेत, मोअल्लिम. भाव लिहून ठेव. रोखीचा."

सगळ्या पाहायला मला तीन तास लागले. तो चहा पीत बसून होता. प्रत्येकीचा नंबर लिहिला, आकडा लिहिला, पुढे 'रोखीत' लिहिलं. शेवटी त्याने कागद घेतला आणि वरपासून खालपर्यंत बोट फिरवत वाचला. पंचवीस-तीस वर्षं बदलत बदलत, दरवेळी थोडी चढती घेत त्याने त्या नऊ जमवल्या होत्या. बेरीज त्याच्या मनातल्या आकड्याच्या निम्मीही नसावी.

"इतकंच?"

"रोखीत इतकंच."

मला वाटलं, आता तो उठून जाईल. त्याने चहाचा शेवटचा घोट घेतला आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

"सही कर," तो म्हणाला, "आणि याची एक नक्कल काढ. ती सालेमकडे राहील."